चाकणचा भुईकोट

पुण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता भोसरी व मोशी ही गावे मागे टाकून इंद्रायणी नदी ओलांडतो आणि पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरांवर चाकण गावी पोचतो. तेथे दुसरा एक रस्ता त्याला आडवा येऊन मिळतो. तो पश्चिमेस तळेगावाकडे व पूर्वेस शिक्रापूरकडे जातो. ह्या चौकात रात्रंदिवस मालमोटारींची रीघ लागलेली असते. पोलादी पत्र्यांची अवजड भेंडोळी, यंत्रांचे सुटे भाग, नव्या कोऱ्या मोटारी आणि चाकणच्या बाजारात आलेल्या कांद्याच्या गोण्या, हे सारे एकाच चौकातून जात असते. कारखान्यांच्या कामावर जाणारे हजारो लोक रोज येथून ये-जा करतात. परंतु ह्या गजबजाटापासून थोड्याच अंतरावर, जुन्या गावठाणात, एक किल्ला उभा आहे हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल, ह्याची शंकाच आहे.

ह्या किल्ल्याचे नाव संग्रामदुर्ग. नाव मोठे भारदस्त आहे. पण ते ऐकून सिंहगड किंवा राजगड डोळ्यांसमोर आणून कोणी तेथे गेला, तर त्याची निराशाच होईल. चढायला डोंगर नाही. ढगांत गेलेला बालेकिल्ला नाही. घरांच्या गर्दीत काही बुरूज, तटाचे तुटक भाग, खंदकाच्या खुणा आणि आत दामोदर विष्णूचे मंदिर, एवढाच काय तो पसारा. पाहणारा दहा मिनिटांत फिरून येतो आणि "येथे पाहण्यासारखे काही नाही" असे म्हणून परत फिरतो. ह्यात त्याचा दोष थोडाच असतो. अक्षरओळख नसलेल्या माणसासमोर पोथी ठेवली, तर त्याला तीत काळ्या रेघाच दिसणार. पडक्या वास्तूचेही तसेच आहे. ती वाचावी लागते, आणि वाचायची तर तिची लिपी आधी शिकावी लागते.

पहिला प्रश्न असा, की किल्ला येथेच का बांधला? सह्याद्रीत उंच कडे आहेत, कोकणच्या समुद्रात खडकाळ बेटे आहेत. एके ठिकाणी डोंगर रक्षण करतो, दुसऱ्या ठिकाणी पाणी. डोंगरावर बांधलेल्या किल्ल्याला गिरिदुर्ग आणि पाण्याने वेढलेल्या किल्ल्याला जलदुर्ग म्हणतात. चाकणला ह्यांपैकी काहीच नाही. येथे भोवताली सपाट जमीन आहे. अशा सपाटीवरील किल्ल्याला आपल्याकडे भुईकोट म्हणतात. निसर्गाने दिलेले कोणतेही संरक्षण त्याला नसते; जे काही असते ते माणसाने खणून व रचून उभे केलेले असते. मग इतका खटाटोप कशासाठी?

ह्याचे उत्तर त्या चौकातच आहे. पुणे, जुन्नर, अहमदनगर आणि बोरघाटाकडून येणारी कोकणची वाट ह्यांच्यामधला हा सारा मुलूख आहे. व्यापाऱ्यांचे तांडे असोत की लष्कर, त्यांना चाकणच्या आसपासच्या सपाटीवरून जावे लागे. जो चाकणला बसेल तो ह्या वाटांवर लक्ष ठेवील, जकात घेईल आणि शत्रूची चाल आधी ओळखील. ज्या कारणासाठी आज कारखानदारांना चाकण सोयीचे वाटते, साधारण त्याच कारणासाठी पूर्वीच्या राज्यकर्त्यांना येथे किल्ला हवा होता. सपाट जमीन आणि चारी दिशांना जाणारे रस्ते, हेच ते कारण होय.

आता ह्या किल्ल्याची रचना पाहू. ग्रँट डफ ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने चाकणच्या किल्ल्याचे वर्णन केले आहे. किल्ला जवळजवळ चौरस असून त्याच्या कोपऱ्यांवर बुरूज होते, तट उंच होते, भोवती सुमारे ३० फूट रुंद व १५ फूट खोल खंदक होता. मात्र पाणी फक्त उत्तरेकडील खंदकात असे. आत जाण्यास वाट एकच, पण ती पाच-सहा दरवाज्यांतून जाणारी. बाहेर मातीचा आणखी एक कोट होता व त्यालाही खंदक होता.

ह्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. खंदक शत्रूला तटापासून दूर ठेवतो. ३० फूट रुंदी म्हणजे चांगल्या वर्गाच्या खोलीची लांबी. तेवढे अंतर धावत उडी मारून कोणालाही ओलांडता येत नाही. खंदकात उतरावे, तर पुन्हा १५ फूट चढून वर यावे लागते, आणि तेवढ्यात वरून मारा सुरू असतो. खंदक खणताना निघालेली माती व मुरूमही वाया जात नसे. तटाच्या आतल्या अंगाला भराव घालण्यास ती उपयोगी पडे.

तट म्हणजे नुसती भिंत नव्हे. बाहेरून दगडाची व चुन्याची बांधणी, आत भराव आणि वर पहारेकऱ्यांना फिरण्यासाठी वाट, असा तो थर असतो. ह्या वरच्या वाटेला फांजी म्हणतात. फांजीच्या बाहेरच्या कडेला माणसाला आडोसा देणारी कमी उंचीची भिंत असते. तिच्यात ठिकठिकाणी तिरकी भोके ठेवलेली असतात. त्यांना जंग्या म्हणतात. जंगीला आतून डोळा लावून पाहावे म्हणजे तिची खुबी कळते. तिचे तोंड खाली झुकलेले असते. आतल्या शिपायाला तटाखालचा शत्रू दिसतो, शत्रूला मात्र शिपायाच्या बंदुकीची नळीदेखील धड दिसत नाही.

बुरूज तटाच्या बाहेर पुढे आलेले असतात, तेही शोभेसाठी नव्हे. सरळ भिंतीच्या अगदी पायाशी जो शत्रू चिकटला, तो भिंतीवरून दिसत नाही. त्याला पाहायचे तर वाकावे लागते आणि वाकणारा मारला जातो. पुढे आलेल्या बुरुजावरून मात्र भिंतीची सारी लांबी बाजूने दिसते व तिच्यावर मारा करता येतो. दोन शेजारी बुरूज असे एकमेकांचे रक्षण करीत असतात. म्हणूनच किल्ला घेणाऱ्याचे लक्ष आधी बुरुजावर जाते. एक बुरूज गेला, की त्याच्या दोन्ही अंगांचा तट आंधळा होतो.

दरवाज्यांची गोष्टही अशीच आहे. जुन्या किल्ल्यांत एका दरवाज्यातून दुसऱ्याकडे जाताना वाट बहुधा वळण घेते. हत्तीला किंवा ओंडका घेऊन धावणाऱ्या माणसांना जोर येण्यासाठी सरळ पल्ला लागतो. वळणामुळे तो मिळत नाही. पहिला दरवाजा फोडून आत आलेली टोळी दुसऱ्या दरवाज्यासमोर कोंडली जाते आणि वरून तिच्यावर दगड, बाण व गोळ्या यांचा वर्षाव होतो. दरवाज्याच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या जागा असतात, त्यांना देवड्या म्हणतात. कमानीच्या आतील भिंतीत समोरासमोर दोन खोल भोके दिसली, तर ती कोणी उकरलेली समजू नयेत. दरवाजा लावल्यावर त्यामागे आडवा सरकवण्याचा लाकडी अडसर त्यांत बसत असे. लाकूड केव्हाच कुजून गेले, पण भोकावरून ते किती जाड होते हे आजही मोजता येते.

एवढी लिपी कळली, की दगड थोडेफार बोलू लागतात. तरीही किल्ल्याचा इतिहास त्याच्या दगडांतून सगळा कळत नाही. त्यासाठी ग्रंथांची जोड लागते. चाकणचे नाव बहमनी राज्याच्या काळापासून इतिहासात येते. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुज्जार ह्याने कोकण जिंकण्यासाठी चाकण हेच आपले ठाणे केले होते. सह्याद्रीच्या दाट रानात शिरलेले त्याचे सैन्य शिर्के व खेळण्याचा राजा ह्यांनी गाठून कापून काढले. पुढे किल्ला निजामशाहीत आला. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे ह्यांना पुणे व सुपे परगण्यांची जहागीर मिळाली, तेव्हा शिवनेरीबरोबर चाकणचा किल्लाही त्यांच्या हवाली झाला, असे ग्रँट डफ सांगतो. स्वराज्याच्या आरंभी चाकणचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा हा होता. महाराजांनी त्याच्याशी लढाई केली नाही. त्याला आपल्या बाजूस वळवून घेतले आणि किल्ला त्याच्याच ताब्यात ठेवला. माणूस पारखून त्याच्यावर विश्वास टाकण्याची महाराजांची ही रीत पुढे किती फळाला आली, ते १६६० साली दिसून आले.

ते वर्ष स्वराज्याला फार कठीण गेले. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात अफजलखान मारला गेला होता व महाराजांनी पन्हाळ्यापर्यंत मजल मारली होती. त्यावर विजापूरकरांनी सिद्दी जौहरला पाठवले आणि त्याने पन्हाळ्याला वेढा घातला. महाराज आत अडकले. त्याच सुमारास उत्तरेकडून औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान प्रचंड फौज घेऊन आला व मे महिन्यात पुण्यात शिरला. स्वराज्य दोन्ही बाजूंनी पेचात सापडले. पुण्यात बसलेल्या खानाला अहमदनगरकडून दाणागोटा व कुमक सुरक्षितपणे यायला हवी होती. त्या बाजूच्या वाटांवर चाकणचा किल्ला काट्यासारखा होता. तेव्हा तो आधी काढावा, असे खानाने ठरवले. सपाटीवरचा छोटासा कोट, त्याला किती दिवस लागणार! १९ जूनला त्याने पुणे सोडले आणि २१ जूनला तो चाकणसमोर येऊन ठाकला.

खानाने किल्ल्याच्या भोवती फिरून तटाची पाहणी केली व चारी बाजूंना आपले सरदार नेमून दिले. प्रत्येकाने आपल्यापुढे मातीचे मोर्चे बांधले. दख्खनमधील मोगली किल्ल्यांतून मोठ्या तोफा आणवण्यात आल्या आणि मातीचे उंच दमदमे रचून त्यांवर त्या चढवण्यात आल्या. दमदमा म्हणजे तटाच्या उंचीला पोचण्यासाठी केलेला चौथरा. डोंगरी किल्ल्यासमोर असा दमदमा कोण बांधणार? भुईकोटाचा दुबळेपणा तो हाच. किल्ल्यात माणसे किती होती? परंपरेने ही संख्या तीन-साडेतीनशेच्या घरात सांगितली जाते. खानाच्या फौजेपुढे ती ओंजळभरच म्हणायची.

परंतु आषाढ लागला होता. मावळच्या जवळचा पाऊस कसा असतो, हे पुणे-चाकणच्या मुलांना सांगावयास नको. मोर्चांमध्ये पाणी साचे, माती खचे, दारू ओली होई. खणलेले पुन्हा खणावे लागे. पावसाची संततधार आणि तटावरून होणारा मारा ह्या दोहोंचा उल्लेख मोगलांच्याच इतिहासकारांनी केला आहे. शत्रूने दिलेली ही साक्ष असल्यामुळे तिचे मोल अधिक. फिरंगोजीला बाहेरून मदत मिळण्याची आशा नव्हती, कारण त्याचा राजाच पन्हाळ्यावर कोंडला गेला होता. १३ जुलै रोजी महाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाकडे जात असताना बाजीप्रभू देशपांडे ह्यांनी खिंडीत देह ठेवला. ती कथा तुम्हांला पाठ असेल. त्या दिवशी चाकणच्या वेढ्याचा चौथा आठवडा चालू होता, आणि फिरंगोजीचे लोक तटावर उभे होते, ही गोष्ट मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही.

तोफांनी काम भागेना, तेव्हा सुरुंगावर भिस्त ठेवण्यात आली. आपल्या मोर्च्यापासून जमिनीखालून भुयार खणत न्यायचे. ते तटाच्या किंवा बुरुजाच्या पायाखाली पोचले, की तेथे मोठी पोकळी करून ती दारूने भरायची, वाट दगडमातीने घट्ट बंद करायची व लांबून बत्ती द्यायची. वाट बंद केली नाही, तर स्फोटाचा जोर आल्या वाटेनेच मागे येतो. बंद केली, तर तो वर जातो व बुरूज उडवतो. सांगायला हे सोपे आहे. परंतु पावसाळ्यात, ओल्या जमिनीतून, दिशा न चुकता, आतल्या लोकांना चाहूल लागू न देता खणत जायचे, हे काम फार धीराचे असते. खानाच्या मोर्च्यापासून किल्ल्याच्या ईशान्य कोपऱ्यावरील बुरुजापर्यंत भुयार न्यायला ५४ दिवस लागले.

१४ ऑगस्ट रोजी दुपारी तीनच्या सुमारास बत्ती दिली गेली. ईशान्येचा बुरूज त्यावरील माणसांसह उडाला. धूर व धुरळा खाली बसतो न बसतो तोच मोगल सैन्य खिंडाराकडे धावले, आणि जागच्या जागी थबकले. पडलेल्या बुरुजाच्या मागे मातीचा एक उंच बांध तयार होता. आतल्या लोकांनी तो दुसरी फळी म्हणून रचला होता! त्या बांधाआडून बाण, गोळ्या, दारूचे गोळे व दगड ह्यांचा असा मारा झाला, की हल्ला करणारे पुढे सरकू शकले नाहीत. ती रात्र त्यांनी तटाखालीच काढली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, सकाळी त्यांनी पुन्हा चढाई केली व तटावर चढून किल्ल्यात प्रवेश केला. पुष्कळ मराठे कापले गेले. उरलेले आतल्या बालेकिल्ल्यात शिरले. तेथे टिकाव लागणे शक्य नव्हते. राव भावसिंग हाडा ह्या रजपूत सरदाराच्या मध्यस्थीने फिरंगोजीने किल्ला खाली करून दिला. वेढ्याला त्या दिवशी ५६ वा दिवस लागला होता. मोगलांचे २६८ लोक मेले व ६०० जखमी झाले, असा आकडा त्यांच्याच बाजूने नोंदला गेला आहे. किल्ल्यातील किती पडले, त्यांची नावे काय, हे कोणी लिहून ठेवले नाही.

शायिस्ताखानाने फिरंगोजीचे शौर्य पाहून त्याला बादशाही चाकरी देऊ केली. फिरंगोजीने ती नाकारली व तो महाराजांकडे गेला. महाराजांनी त्याला किल्ला गमावल्याबद्दल बोल लावला नाही; त्याचा सन्मान केला. पुढे भूपाळगडाची किल्लेदारी त्याच्याकडे होती. खानाने चाकणचे नाव बदलून इस्लामाबाद ठेवले. ते कागदावर राहिले, लोकांच्या तोंडी बसले नाही. किल्ला खानाला मिळाला, हे खरे. पण सपाटीवरच्या एका लहान कोटाला जर ५६ दिवस व जवळजवळ नऊशे माणसे लागतात, तर सह्याद्रीतील एकेक गड घ्यायला किती लागतील, हा हिशेब ज्याला करता येतो त्याला तो सुखाने झोपू देणारा नव्हता. खान पुण्याला परतला आणि लाल महालात राहू लागला. तेथे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री काय घडले, ते सर्वांना माहीतच आहे.

ह्यानंतर किल्ल्याने आणखी दीडशे वर्षे पाहिली. १८१८ साली इंग्रजांनी पेशवाई बुडवली, त्या धामधुमीत चाकणही त्यांच्या हाती गेले. आता किल्ल्याचे कामच संपले. आणि ज्या वास्तूचे काम संपते, तिचे दगड सैल होऊ लागतात. प्रथम छपरे जातात, कारण लाकडाला गिऱ्हाईक असते. छप्पर गेले, की पाऊस भिंतीत उतरतो. फटीत पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे किंवा वडाचे बी रुजते. त्याची मुळे चुना फोडीत आत शिरतात आणि कोणत्याही तोफेने हलला नसता असा दगड बाहेर ढकलतात. मग माणसे येतात. घडीव दगड तयार पडलेला असताना खाणीवर कोण जाईल? खंदक बुजवला, की राहायला जागा होते. वस्ती वाढणाऱ्या गावात भुईकोट असा हळूहळू विरघळत जातो. डोंगरावरच्या गडाला उंची राखते. भुईकोटाला राखणारे कोणी नसते. शायिस्ताखानाच्या सुरुंगाने एक बुरूज पाडला. बाकीच्या पडझडीला बत्ती लागली नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडात १५३६ ते १५४० ह्या काळात आठव्या हेन्री राजाने ख्रिस्ती साधूंचे मठ बंद करून त्यांची मालमत्ता जप्त केली. छतावरचे शिसे उतरवून विकले गेले, आणि पुढे त्या मठांचे दगड आसपासच्या घरांत गेले. यॉर्कशायरमधील फाउंटन्स नावाच्या प्रचंड मठाच्या दगडांतून तर शेजारी एक वाडाच उभा राहिला. कॉर्फ येथील किल्ला १६४६ साली पार्लमेंटच्या सैन्याने सुरुंग लावून फोडला, व त्याचे दगडही गावच्या घरांत दिसतात. आज हीच भग्न ठिकाणे पाहण्यास तेथील लोक हौसेने जातात. ती पुन्हा नवी करून टाकण्याचा हट्ट कोणी धरत नाही. उरले आहे ते ढासळू नये, एवढी काळजी घेतली जाते. माझ्या मते हे शहाणपणाचे आहे. पडका तट पाडून तेथे नवा चकचकीत तट बांधला, तर आपल्याला जुन्याचे चित्र मिळेल, जुना तट मिळणार नाही.

आपल्याकडेही अशा वास्तूंसाठी कायदे आहेत. १९०४ साली पहिला व्यापक कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली केंद्र सरकारने व १९६० साली महाराष्ट्राने आपापला कायदा केला. परंतु तटावर खिळ्याने नाव कोरणाऱ्या मुलाच्या मागे कायदा कोठे कोठे धावणार? जंगीत कागदाचे बोळे कोंबलेले आणि फांजीवर चुन्याने लिहिलेली नावे ज्याने पाहिली असतील, त्याला हे सांगावयास नको.

पिंपरी-चिंचवडच्या मुलांना एका दिवसात चाकणची वाट धरून बरेच काही पाहता येईल. सकाळी देहूरोडजवळ, जुन्या मुंबई रस्त्याच्या कडेच्या डोंगरावर घोरवडेश्वरला जावे. तेथील लेणी बौद्ध भिक्षूंसाठी डोंगर कोरून केलेली आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरू नये, एके ठिकाणी राहावे, असा त्यांचा नियम होता. त्या तीन महिन्यांसाठी ही निवाऱ्याची जागा. भिंतीला लागून कोरलेल्या लहानशा खोल्या पाहिल्या, की तेथे राहणाऱ्याच्या गरजा किती थोड्या होत्या, हे ध्यानात येते. पुढे त्याच लेण्यात शिवलिंग आले व महाशिवरात्रीला आज तेथे मोठी यात्रा भरते. एकच जागा, भक्त बदलले, पण दिवा लागत राहिला. म्हणून ती टिकली. वरून खाली पाहिले, तर रेल्वे, रस्ता व कारखान्यांची छपरे एका नजरेत येतात.

तेथून तळेगावास जाऊन चाकणच्या रस्त्याला लागले, की इंद्रायणीच्या काठी इंदोरीची गढी लागते. ती सेनापती दाभाड्यांची. तिचा दरवाजा व त्याच्या बाजूचे बुरूज पाहण्याजोगे आहेत. गढी आणि किल्ला ह्यांत फरक एवढाच, की किल्ला राज्याचे रक्षण करतो व गढी मुख्यतः घराण्याचे. रचनेची लिपी मात्र तीच. चाकणला जे तुटक दिसते, त्याची कल्पना येण्यासाठी इंदोरीचा दरवाजा आधी पाहिलेला बरा.

चाकणला उन्हे कलल्यावर पोचावे. बरोबर होकायंत्र असल्यास उत्तम. नसल्यास मावळत्या सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे तोंड पूर्वेस होते व ईशान्य कोपरा डाव्या हाताला पुढे येतो. तो कोपरा शोधावा. दोरी व मोजपट्टी घेऊन तटाची जाडी मोजावी, दिसेल तेवढ्या खंदकाची रुंदी मोजून ती ग्रँट डफच्या ३० फुटांशी ताडून पाहावी. वहीत आराखडा काढावा. छायाचित्र क्षणात निघते, पण आराखडा काढणाऱ्याला भिंत खरोखर पाहावी लागते. तटालगत लोकांची राहती घरे आहेत, तेव्हा कोणाच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नये. नम्रपणे विचारले, तर गावातील एखाद्या आजोबांना लहानपणी पाहिलेला खंदक कोठवर होता हे आठवत असते, आणि ते कोणत्याही ग्रंथात नसते. सैल दगडांवर व ढासळत्या तटावर चढू नये, हे तर उघडच आहे.

वेळ उरल्यास गावातील चक्रेश्वराचे मंदिर पाहावे. तेथील वराहाची जुनी दगडी मूर्ती किल्ल्याहून निराळ्याच काळची व निराळ्या हातांची आहे. मात्र मावळतीपूर्वी पुन्हा एकदा तटापाशी यावे. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात दगड सपाट व एकरंगी दिसतो. संध्याकाळचे तिरपे ऊन पडले, की पाथरवटाच्या टाकीचा एकेक घाव सावली धरून वर येतो. कोणता दगड जुन्या हाताने घडवलेला आहे, कोणता नंतर बसवलेला आहे आणि सांध्यात चुना कोठे आहे व सिमेंट कोठे आहे, हे त्या पंधरा-वीस मिनिटांत न सांगता ओळखता येते.